लाँच हुकलं तर पुढे काय? सिंगापूरमध्ये पर्यायी कॉन्डो कसा निवडावा

नोव्हेंबर २०२४ मध्ये एमराल्ड ऑफ काटोंग या नव्या कॉन्डो (खासगी अपार्टमेंट) प्रकल्पाची विक्री सुरू झाली आणि ८४६ घरांपैकी ९९ टक्के घरं पहिल्याच वीकेंडला संपली. सरासरी भाव चौरस फुटाला २,६२० सिंगापूर डॉलरच्या आसपास होता. बॅलटमध्ये, म्हणजे घर निवडण्याचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, ज्यांचा नंबर मागे लागला, त्यांच्या वाट्याला मोठ्या युनिट्सशिवाय फारसं काही उरलं नाही. सिंगापूरमध्ये असं लाँच दर वर्षी एखाद-दुसरं होतं आणि दर वेळी मागे राहिलेल्यांचं एकच होतं. मनात रुखरुख असते, एजंटांचे मेसेज सुरू होतात, 'तसाच' दुसरा प्रकल्प समोर येतो आणि दोन आठवड्यांत चेक फाडून माणूस मोकळा होतो.

हा लेख त्या दोन आठवड्यांसाठी आहे. पहिल्यांदाच गुंतवणूक म्हणून नवीन कॉन्डो घेणाऱ्या, बहुतेक पीआर (कायम रहिवासी) किंवा नुकतेच सिटिझन झालेल्या मराठी कुटुंबांसाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं: हुकलेल्या प्रकल्पाची प्रतिकृती शोधत बसू नका. उद्या हे घर तुमच्याकडून कोण विकत घेईल हे आधी ठरवा आणि त्या माणसाच्या नजरेने पर्याय पाहा.

पायरी १: खरंच हुकलं का, ते तपासा

लाँचच्या दिवशी ५ टक्के बुकिंग फी भरली की डेव्हलपर ऑप्शन टू पर्चेस देतो, म्हणजे सगळे ज्याला ओटीपी म्हणतात तो कागद. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत खरेदी कराराचा मसुदा येतो आणि तो मिळाल्यापासून सही करायला तीन आठवडे मिळतात. या काळात काही जणांचं कर्ज बसत नाही, काहींच्या घरात एकमत होत नाही, काही जण घाबरतात. त्यांची युनिट्स परत विक्रीला येतात.

म्हणून लाँचनंतर तीन ते सहा आठवडे त्या प्रकल्पाच्या सेल्स टीमशी संपर्क ठेवा. कुठल्या स्टॅकमधलं (एकाच रांगेत एकावर एक असलेली युनिट्स), कितव्या मजल्यापासून वरचं आणि किती किमतीपर्यंतचं युनिट चालेल ते लेखी कळवून ठेवा. 'काही आलं तर सांगा' एवढंच म्हणणाऱ्याला सहसा कुणी फोन करत नाही. परत आलेली युनिट्स थोडीच असतात आणि तीही कधी कधी वाढीव भावाने येतात, त्यामुळे यावर भिस्त ठेवू नका. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

पायरी २: स्टॅम्प ड्यूटीत आपण कुठे बसतो ते पाहा

प्रकल्प बघण्याआधी हे करा, कारण इथे चुकलं तर बाकीचं सगळं गणित वाया जातं. अतिरिक्त स्टॅम्प ड्यूटी, म्हणजे एबीएसडी, याचे २७ एप्रिल २०२३ पासूनचे दर असे आहेत: सिटिझनला पहिल्या घरावर शून्य, दुसऱ्यावर २० टक्के आणि तिसऱ्यापासून ३० टक्के. पीआरला पहिल्यावर ५, दुसऱ्यावर ३० आणि तिसऱ्यापासून ३५ टक्के. परदेशी नागरिकाला पहिल्याच घरावर ६० टक्के. काही देशांच्या नागरिकांना मुक्त व्यापार करारांमुळे सिटिझनसारखा दर लागतो. भारत त्या यादीत नाही. एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्या भारतीयाने १५ लाख डॉलरचा कॉन्डो घेतला तर ९ लाख डॉलर नुसती एबीएसडी जाते. त्याच्यासाठी योग्य पर्यायी प्रकल्प कोणता, हा प्रश्नच उरत नाही. पीआर मिळेपर्यंत थांबणं हेच उत्तर.

आपल्या लोकांचा घात होतो तो जोड नावांमुळे. नवरा पीआर, बायको डिपेंडंट पासवर, आणि घर तर दोघांच्या नावावर हवं. दोन नावांपैकी ज्याचा दर जास्त, तोच दर संपूर्ण किमतीला लागतो. म्हणजे ५ टक्क्यांचे ६० होतात. एक जण सिटिझन असलेल्या जोडप्याला पहिल्या घरावर सवलत मिळते, पण पीआर आणि परदेशी या जोडीला मिळत नाही. इथे भावना बाजूला ठेवून एकाच नावावर घ्या.

दिलासा एवढाच की पुण्यातला किंवा नाशिकचा फ्लॅट या मोजणीत धरला जात नाही. इथे फक्त सिंगापूरमधली निवासी घरं मोजतात. पीआर कुटुंबाकडे एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माणाचा फ्लॅट, असेल तर मात्र खासगी घर घेतल्यावर ते विकावं लागतं. गुंतवणुकीसाठी दोन्ही ठेवण्याची मुभा पाच वर्षांचा किमान वास्तव्याचा काळ पूर्ण केलेल्या सिटिझनला असते, पीआरला नाही.

पायरी ३: हातात नेमके किती पैसे लागतील

१५ लाख डॉलरचं घर, घेणारा पीआर, पहिलं घर आणि पहिलं कर्ज असं उदाहरण धरू. बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देते. उरलेल्या २५ टक्क्यांचे ३,७५,००० डॉलर होतात. त्यातले किमान ५ टक्के, म्हणजे ७५,०००, रोखीनेच द्यावे लागतात. बाकीचे सीपीएफमधून (पीएफसारखा सक्तीचा बचत निधी) चालतात. साधी खरेदीदाराची स्टॅम्प ड्यूटी ४४,६०० आणि एबीएसडी ७५,०००. बेरीज ४,९४,६०० डॉलर, वर वकिलाची फी. कराराच्या सहीनंतर स्टॅम्प ड्यूटी भरायला फक्त १४ दिवस असतात.

मग टीडीएसआर, म्हणजे उत्पन्नाच्या मानाने कर्जाच्या हप्त्यांची मर्यादा. तुमच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५५ टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि बँक हे गणित प्रत्यक्ष व्याजदर कमी असला तरी किमान ४ टक्के धरून करते. ११,२५,००० डॉलरचं ३० वर्षांचं कर्ज ४ टक्क्यांनी काढलं तर हप्ता साधारण ५,३७० येतो. म्हणजे दुसरं काहीही कर्ज नसताना महिना सुमारे ९,८०० डॉलर उत्पन्न हवं. भारतातल्या गृहकर्जाचा हप्ता इथे मोजला जातो, लपवता येत नाही आणि लपवूही नये. तिकडचा हप्ता १,००० डॉलरइतका असेल तर लागणारं उत्पन्न ११,५०० च्या वर जातं. बोनस आणि कमिशनसारखं बदलतं उत्पन्न ३० टक्के कापून धरतात. कर्जाची मुदत वयाच्या ६५ च्या पुढे गेली की मिळणारी टक्केवारी ७५ वरून ५५ वर येते. चाळिशी ओलांडलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

बँकेकडून इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल (तत्त्वतः कर्जमंजुरी) घेऊन ठेवा आणि त्या आकड्याच्या थोडं खालीच थांबा.

पायरी ४: तो प्रकल्प कशासाठी हवा होता?

कागद घ्या आणि एका वाक्यात लिहा. 'लोकेशन' असं लिहू नका, त्याने काही कळत नाही. एमआरटी (मेट्रो) चालत पाच मिनिटांवर होती म्हणून? आसपासच्या प्रकल्पांच्या मानाने भाव बरा वाटला म्हणून? एक किलोमीटरच्या आत नावाजलेली प्रायमरी शाळा होती म्हणून? की सगळे घेत होते म्हणून? शेवटचं उत्तर आलं तर तेही प्रामाणिकपणे लिहा. त्या उत्तराला पर्याय शोधायची गरज नसते.

आता याच कागदावर दुसरं वाक्य लिहा: हे घर माझ्याकडून कोण घेईल?

यावर थोडा वेळ द्या, कारण गेल्या काही वर्षांत याचं उत्तर पार बदललंय. परदेशी खरेदीदाराला ६० टक्के ड्यूटी असल्याने तो बाजारातून जवळजवळ गेला. सिटिझनला दुसरं घर घ्यायचं तर २० टक्के, पीआरला ३०, म्हणून निव्वळ गुंतवणूकदारही कमी झाले. उरला कोण? ज्याला हे एकमेव घर म्हणून राहायला हवं आहे असा माणूस. बहुतेक वेळा ते पाच वर्षं पूर्ण झालेला एचडीबी विकून कॉन्डोत येणारं कुटुंब असतं. त्या कुटुंबाला दोन मुलं असतात, आजी-आजोबा येऊन-जाऊन असतात, स्वयंपाक रोज होतो. ते एका बेडरूमचं ४५० चौरस फुटांचं घर घेत नाहीत.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बजेट ताणून मध्यवर्ती भागात एक बेडरूम घेण्यापेक्षा, मोठ्या एचडीबी वस्तीला लागून असलेल्या भागात चांगल्या आखणीचं दोन किंवा तीन बेडरूमचं घर घ्यावं. एक बेडरूमला भाडेकरू लवकर मिळतो, भाड्याची टक्केवारीही बरी दिसते. विकायला गेलात की मग गिऱ्हाईक शोधावं लागतं.

पायरी ५: पर्याय कुठे शोधायचे

चार जागा आहेत. पहिली सगळ्यात जवळची आणि लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात ती: शेजारचे, आधी लाँच झालेले आणि अजून न संपलेले प्रकल्प.

काटोंगचंच उदाहरण पाहा. एमराल्डच्या आधी, २०२३ मध्ये, त्याच परिसरात टेंबुसू ग्रँड (६३८ घरं), द कंटिन्युअम (८१६ घरं, फ्रीहोल्ड म्हणजे कायम मालकीचा) आणि ग्रँड डनमन (१,००८ घरं) असे तीन प्रकल्प विक्रीला आले होते. टेंबुसू ग्रँड आणि ग्रँड डनमन पहिल्या वीकेंडला निम्म्याच्या आसपास गेले, कंटिन्युअम पाव भागाच्या आसपास. त्या वेळी कुणी त्यांना 'हॉट' म्हटलं नाही. पण टेंबुसू ग्रँड तर एमराल्डच्या अगदी शेजारी आहे. ग्रँड डनमनला डाकोटा स्टेशन लागून आहे. एमराल्ड हातचं गेलेल्या माणसाला तेच रस्ते, तीच खाऊगल्ली, तोच समुद्रकिनारा तिथे मिळत होता, शिवाय बांधकाम दीड वर्ष पुढे गेलेलं होतं. म्हणजे भाडं लवकर सुरू.

अशा उरलेल्या युनिट्सबाबत एक गोष्ट माहीत असली की बोलणी करताना बळ येतं. डेव्हलपरने जमीन घेतल्यापासून साधारण पाच वर्षांत प्रकल्प बांधून सगळी घरं विकली नाहीत, तर त्याला जमिनीवरची माफ झालेली मोठी एबीएसडी व्याजासकट भरावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून किमान ९० टक्के विक्री झालेल्यांना यात थोडी सूट मिळाली, तरी धाक कायम आहे. त्यामुळे मुदत जवळ आली की शेवटच्या दहा-वीस घरांवर सवलती निघतात. जमीन कधी घेतली हे बातम्यांत किंवा यूआरए या सरकारी नगररचना प्राधिकरणाच्या टेंडरच्या नोंदींत सापडतं. पण ती शेवटची घरं का उरली, तेही बघा. मोठी म्हणून उरली असतील तर ठीक. पश्चिमेचं ऊन थेट येतं, कचऱ्याच्या खोलीवर खिडकी उघडते किंवा हायवेचा आवाज येतो म्हणून उरली असतील, तर उद्या तुमच्याकडेही ती तशीच उरतील.

दुसरी जागा म्हणजे त्याच भागातलं पुढचं लाँच. सरकार गव्हर्न्मेंट लँड सेल्सची यादी वर्षातून दोनदा जाहीर करतं, त्यामुळे कुठल्या प्लॉटवर काय येणार हे बरंच आधी कळतं. लेंटॉर हे याचं ठळक उदाहरण. थॉमसन-ईस्ट कोस्ट लाइनच्या स्टेशनभोवती २०२२ मध्ये लेंटॉर मॉडर्न आलं, ८४ टक्के पहिल्या वीकेंडला गेलं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांना पुढे लेंटॉर हिल्स रेसिडन्सेस, हिलॉक ग्रीन, लेंटोरिया, लेंटॉर मॅन्शन आणि मार्च २०२५ मध्ये लेंटॉर सेंट्रल रेसिडन्सेस असे एकामागून एक पर्याय मिळत गेले. थांबणाऱ्याचं इथे नुकसान झालं नाही.

पण याच चित्राची दुसरी बाजू गुंतवणूकदाराने पाहायलाच हवी. हे सहा प्रकल्प मिळून जवळपास तीन हजार घरं होतात. ती ओळीने ताब्यात मिळतात, म्हणजे भाडेकरू शोधणारे मालकही ओळीने येतात. स्टेशनवर मॉल असलेला एक प्रकल्प सोडला तर बाकीच्यांत भाडेकरूला फरक फारसा जाणवत नाही. तो घासाघीस करणार. भाग मनापासून आवडला असेल तर घ्या, पण पहिल्या दोन वर्षांचं भाडं कमी धरून गणित करा.

तिसरी जागा: नुकताच बांधून पूर्ण झालेला, रीसेलमधला कॉन्डो. इथे हप्त्याहप्त्याने पैसे देण्याची सोय नाही, पूर्ण कर्ज लगेच सुरू होतं. पण जे विकत घेताय ते डोळ्यांनी दिसतं आणि भाडं दुसऱ्या महिन्यापासून येतं. लाँचच्या मागे धावणारे लोक या पर्यायाकडे बघतच नाहीत. मला तो अनेकांसाठी सरस वाटतो, विशेषतः ज्यांना सिंगापूरमध्ये पुढची दहा वर्षं राहू याची खात्री नाही त्यांच्यासाठी.

चौथी जागा एक्झिक्युटिव्ह कॉन्डोमिनियम, म्हणजे ईसी: सरकारी अटींवर विकला जाणारा कॉन्डो. नवीन ईसीला अर्जदारांपैकी एक जण सिटिझन लागतो, उत्पन्नाची मर्यादा असते आणि आधी स्वतः राहावं लागतं. तेव्हा दोघेही पीआर असलेल्यांनी हा विषय सोडून द्यावा.

पायरी ६: भावाची तुलना नीट करा

हुकलेल्या लाँचने तुम्हाला एक फार कामाची गोष्ट दिली आहे: खऱ्या व्यवहारांचे भाव. यूआरएच्या संकेतस्थळावर खासगी घरांचे व्यवहार फुकट बघता येतात, आणि डेव्हलपरांनी महिन्यात किती घरं कुठल्या भावाने विकली ते पुढच्या महिन्याच्या मध्यावर येतं. एजंटने पाठवलेल्या रंगीत तक्त्याऐवजी हे बघा.

तुलना करताना नुसता पीएसएफ, म्हणजे चौरस फुटाचा दर, बघून फसू नका. जून २०२३ पासून क्षेत्रफळ मोजण्याचे नियम एकसारखे केले गेले. जुन्या नियमांच्या प्रकल्पांत एसीच्या बाहेरच्या युनिटची कट्ट्यासारखी जागा आणि उंच छताखालची पोकळी तुमच्या विकत घेतलेल्या चौरस फुटांत धरली जायची. नव्या नियमांच्या प्रकल्पांत ती सहसा धरली जात नाही. त्यामुळे नव्या प्रकल्पाचा पीएसएफ चढा दिसतो, पण त्यातला प्रत्येक फूट पाय ठेवण्याचा असतो. २०२३ आणि २०२५ मधल्या प्रकल्पांची तुलना करताना दोन्हीचे फ्लोअर प्लॅन छापून घ्या, जुन्यातला एसीचा कट्टा पेन्सिलने खोडा आणि उरलेल्या क्षेत्रफळाने किंमत भागा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कितीदा तरी स्वस्त वाटलेलं घर या हिशेबात महाग निघतं.

त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे एकूण किंमत. पायरी ४ मधलं एचडीबीवालं कुटुंब पीएसएफ बघत नाही, आपला हप्ता बघतं. तुमच्या घराची किंमत १५ टक्के वाढली तर ते त्या कुटुंबाला परवडेल का? आजूबाजूचे पाच खोल्यांचे एचडीबी किती किमतीला विकले जातात ते पाहिलं की अंदाज येतो.

पायरी ७: शोफ्लॅटमध्ये काय बघायचं

शोफ्लॅट सुंदरच असतो, त्याचा तो धंदाच आहे. तुम्ही मोजपट्टी घेऊन जा. बेडरूममध्ये ठेवलेला पलंग मोजा. इथला क्वीन बेड १५२ बाय १९० सेंटिमीटर असतो. शोफ्लॅटमध्ये कधी कधी खास बनवून घेतलेला लहान पलंग असतो आणि त्यामुळे खोली ऐसपैस वाटते. कपाटाचं दार उघडून पाहा, ते पलंगाला अडतं का. स्वयंपाकघर बंद करता येतं का हे आपल्याकडच्या आणि चिनी घरांतल्या, दोघांच्याही दृष्टीने महत्त्वाचं आहे. फोडणीचा वास सोफ्यात मुरलेला कुणालाच आवडत नाही, उद्याच्या खरेदीदारालाही नाही.

मग मधल्या मोठ्या मॉडेलपाशी जा आणि आपला स्टॅक शोधा. समोरच्या ब्लॉकपासूनचं अंतर मीटरमध्ये विचारा. पश्चिम कुठे, ते फोनमधल्या होकायंत्रावर नको, साइट प्लॅनवर बघा, कारण शोफ्लॅट बऱ्याचदा प्रत्यक्ष जागेवर नसतो. प्लॉटच्या सीमेपलीकडची रिकामी हिरवळ मॉडेलमध्ये झाडं लावून दाखवलेली असते. ती कायम हिरवीच राहणार की तिथे ३० मजले येणार, हे यूआरएच्या मास्टर प्लॅनमध्ये त्या प्लॉटवर क्लिक केलं की कळतं.

एजंटकडे सीईए या एजंटांच्या सरकारी नियामकाची नोंदणी आहे ना, ते ऑनलाइन तपासा. नव्या प्रकल्पात त्याचं कमिशन डेव्हलपर देतो, तुम्ही नाही. ते प्रकल्पाप्रकल्पाला वेगळं असतं, हेही लक्षात असू द्या.

पायरी ८: भाड्याचा खरा हिशेब

तेच १५ लाखांचं घर, भाडं महिना ४,२०० धरू. वर्षाचे ५०,४००, म्हणजे ३.४ टक्के, असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं. आता खर्च वजा करा. मेंटेनन्स महिना ३५० म्हणजे ४,२००. स्वतः न राहणाऱ्या मालकाला प्रॉपर्टी टॅक्स चढा आहे: वार्षिक मूल्याच्या (सरकारने धरलेल्या वर्षाच्या अंदाजे भाड्याच्या) पहिल्या ३०,००० वर १२ टक्के, पुढच्या १५,००० वर २०, त्यापुढच्या १५,००० वर २८ आणि त्यावर ३६ टक्के. वार्षिक मूल्य ४८,००० धरलं तर ७,४४० डॉलर. दोन वर्षांच्या करारामागे एजंटला एक महिन्याचं भाडं, म्हणजे वर्षाला २,१००. किरकोळ दुरुस्त्या १,०००. उरले ३५,६६०. घराची किंमत अधिक दोन्ही स्टॅम्प ड्यूट्या मिळून लावलेल्या १६,१९,६०० वर हे सुमारे २.२ टक्के होतात, तेही घर एकही महिना रिकामं न राहता आणि आयकर व कर्जाचं व्याज धरण्याआधी.

हा आकडा बघून पाय मागे घ्यावासा वाटला तर घ्या, त्यात गैर काही नाही. सिंगापूरच्या कॉन्डोत पैसा मुख्यतः किंमत वाढण्यातून येतो. भाडं हप्ता पेलायला मदत करतं, एवढंच.

आणि किंमत वाढली तरी लगेच विकून बाहेर पडता येत नाही. ४ जुलै २०२५ पासून घेतलेल्या घरावर विक्रेत्याची स्टॅम्प ड्यूटी चार वर्षं लागते: पहिल्या वर्षात १६ टक्के, मग १२, ८ आणि ४. नवीन कॉन्डो बांधून व्हायलाच तीन-चार वर्षं लागतात. म्हणजे तुम्ही मोकळे व्हाल तेव्हा प्रकल्पातले बाकीचेही मोकळे होतात, आणि हजार घरांच्या प्रकल्पात विकणाऱ्यांची गर्दी होते. पाच-सहा वर्षांचा धीर नसेल तर नवीन लाँच हा प्रकार आपला नव्हे.

पायरी ९: बुकिंग आणि ते तीन आठवडे

सगळं जुळलं तर ५ टक्के भरून ओटीपी घ्या. पुढचे १५ टक्के ओटीपीच्या तारखेपासून आठ आठवड्यांत. त्यानंतर बांधकामाच्या टप्प्यांनुसार पैसे जातात: पाया झाला की १० टक्के, सांगाडा उभा राहिला की १०, मग भिंती, छत, वायरिंग-प्लंबिंग आणि पार्किंग-रस्ते यांचे ५-५, ताबा मिळताना २५ आणि अखेरीस १५. हे पैसे प्रकल्पाच्या स्वतंत्र बँक खात्यात जातात, डेव्हलपरला ते दुसरीकडे वळवता येत नाहीत. उरलेल्या युनिट्सच्या पर्यायात बांधकाम पुढे गेलेलं असेल तर यातले बरेच टप्पे एकदम अंगावर येतात. सेल्स टीमकडून 'आजपर्यंत किती टप्पे झाले' हे लेखी घ्या आणि बँकेला दाखवा.

सही करण्याआधी मन बदललं तर बुकिंग फीचा पाव भाग जातो, म्हणजे किमतीच्या १.२५ टक्के. १५ लाखांच्या घरावर १८,७५० डॉलर. पूर्वी लोक ओटीपी पुन्हा पुन्हा काढून वेळ मारून न्यायचे. सप्टेंबर २०२० पासून तेच युनिट त्याच खरेदीदाराला बारा महिने पुन्हा देता येत नाही, त्यामुळे ती वाट बंद झाली.

या तीन आठवड्यांत वकिलाकडून चार गोष्टी पक्क्या करून घ्या: करारात कुणाचं नाव आणि त्यावर कोणता एबीएसडी दर लागतो, ताबा देण्याची शेवटची तारीख काय, बँकेचं पक्कं कर्जमंजुरीपत्र हातात आहे का, आणि सीपीएफमधून किती रक्कम कधी निघेल. आयआरएएस या कर विभागाच्या पानावर स्टॅम्प ड्यूटीचे दर सहीच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा पाहा. २०२३ मध्ये आणि २०२५ मध्येही नवे दर रात्री जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लागू झाले.